बारा मीटरचा रस्ता

कौसामायला हळू बोलताच यायचं नाही. तिचे मालक, धर्माआबा, गुजरातेत उधन्याच्या लूमच्या कारखान्यात तीस वर्षं उभे राहून जवळजवळ बहिरे झालेले. त्यांना ऐकू जावं म्हणून ती मोठ्यानं बोलायला लागली आणि मग तेच तिचं बोलणं झालं. आनंदाची बातमीसुद्धा ती भांडल्यासारखी सांगायची. नवापूरला दिलेल्या लेकीला मुलगी झाली, ते तिनं माझ्या दारात उभं राहून असं सांगितलं की पलीकडच्या गल्लीतले दोघे जण काय भानगड झाली ते बघायला आले.

हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं जे जे झालं त्यात लोक म्हणायचे, तोंडाळ बाई आहे, तिला सवयच आहे. सवय नव्हती. ती चिडलेली होती आणि तिच्या चिडण्याला कारण होतं. आणखी एक. ती चुकीच्या माणसावर कधी चिडली नाही. एवढी एक गोष्ट मला आयुष्यात अजून जमलेली नाही.

मी तिच्या शेजारी सात वर्षं राहिले. सोसायटीचं नाव सांगत नाही. नावात एक फूल होतं आणि पुढं ‘व्हिला’ होतं. सचिन नावाच्या गावाच्या पुढं, मोठ्या रस्त्यापासून आत, जिथं आदल्या वर्षापर्यंत ऊस उभा होता, तिथं बिल्डरनं रो-हाउसच्या ओळी टाकलेल्या. डिंडोलीत एकेका खोलीत सहा-सहा जण राहून जीव मेटाकुटीला आलेली माणसं तिथं आली. कुणी लूमवर, कुणी साडी मार्केटात पार्सलं बांधणारं, कुणी हजीऱ्याच्या कारखान्यांत कंत्राटी. बहुतेक खानदेशची. आम्ही हिंगोलीकडचे, त्यामुळं सुरुवातीला मला त्यांची अहिराणी अर्धीच कळायची.

परवडणारं घर, स्वतःचं दार, वर स्वतःचं आभाळ, गावाकडची हवा, असं सगळे म्हणायचे. ‘परवडणारं’ हा शब्द ऐकला की माझं आजही डोकं उठतं. ते परवडावं म्हणून त्यातून काय काय काढून घेतलं होतं ते राहायला गेल्यावर कळायचं. रस्ता काढून घेतला होता. गटार काढून घेतलं होतं. बोअरचं पाणी होतं, पण त्याला खालच्या खाडीचा रंग होता, आणि खाडीला कारखान्यांचा. भात पिवळसर व्हायचा. पांढरे कपडे दोन धुण्यांत तांबूस. मंदिर मात्र बिल्डरनं पहिल्याच महिन्यात बांधलं, कारण मंदिर बघून माणसं घर घेतात.

कौसामायकडं बिल्डरचं जुनं जाहिरातपत्रक होतं. प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घालून, पिठाच्या डब्यामागं ठेवलेलं. त्यात बगीचा होता, घसरगुंडी होती, दिवे होते, आणि बारा मीटर रुंदीचा रस्ता होता, ज्यावरून एक गोरं कुटुंब चालत निघालेलं. माय चौथीपर्यंत शिकलेली. तिला ते पाठ होतं. टँकर आला नाही की ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, “फोटोमा शे ना!” फोटोत आहे ना. गल्लीत दिवा नाही? फोटोमा शे. तान्ह्या बाळाला डॉक्टर नाही? तेसुद्धा फोटोमा शे. आम्ही हसायचो. ती हसायची नाही.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये चार इंचाची भिंत. पहिल्या आठवड्यात माझ्या मिस्टरांनी कॅलेंडरसाठी खिळा ठोकला. तिसऱ्या ठोक्याला पलीकडून आरोळी आली. मी घाबरून धावत गेले, तर माय आपल्या स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेल्या टोकाकडं बघत उभी.

“तुना खिया मना घरमा उना,” ती म्हणाली. तुझा खिळा माझ्या घरात आला.

मी माफी मागायला लागले. तिनं मला थांबवलं. “तू कशाले? तू भित ठोकी. भितले ठोकानं ऱ्हास. पन हाई भित शे का?” भिंतीला ठोकायचंच असतं, पण ही भिंत आहे का? मग ती दारात गेली आणि दोन किलोमीटरवर बसलेल्या बिल्डरला ऐकू जाईल अशा आवाजात त्याच्या बापाचा उद्धार केला. परत आली, त्या टोकाला चहाची गाळणी अडकवली आणि मला चहा दिला.

सोसायटीच्या मधोमध एक मोकळा तुकडा होता. पत्रकात तोच बगीचा. तिसऱ्या वर्षी, होळीच्या आसपास, माणसं आली आणि त्या तुकड्यावर चुन्याच्या रेषा मारून गेली. बिल्डर तिथं दुकानांची इमारत काढणार होता. सोसायटीतले पुरुष मंदिरात बसले. अर्ज करू, वकील बघू, कुणाची तरी ओळख काढू, असं बोलत बसले. कौसामाय तिथं गेलीच नाही. ती घरोघर गेली आणि विचारलं, ज्वारी किती आहे?

बिबड्या म्हणजे खानदेशातले ज्वारीचे पापड. ज्वारी दिवसचे दिवस भिजवून आंबवायची, वाटायची, मिरची-लसूण-तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गरम गरम थापून उन्हात घालायच्या. मायनं सगळ्यांना एकाच दिवशी ज्वारी भिजवायला लावली. जेसीबी आला त्या सकाळी त्या तुकड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्या साड्या अंथरलेल्या, प्लास्टिक अंथरलेलं, खाटा, आणि त्यांवर चुन्याच्या रेषांपासून रेषांपर्यंत बिबड्याच बिबड्या. चार चुली पेटलेल्या. तीसेक बाया उकिडव्या बसून थापतायत.

साइटवर बिल्डरचा हितेश म्हणून माणूस होता. तो गाडीवरून उतरला. “माजी, आ शुं मांड्युं छे?” आई, हे काय मांडलंय?

“वाळवण,” माय म्हणाली.

“उठावी लो. मशीन आव्युं छे.” उचलून घ्या, मशीन आलंय.

“ओलं शे. उचललं ते तुटी जाई.”

त्यानं जेसीबीवाल्याला खूण केली. जेसीबीवाला कुठला तरी बिहारकडचा, विशीतला. त्यानं मशीन दोन हात पुढं आणलं आणि थांबवलं. पुढ्यात त्याच्या आईच्या वयाची बाई हातात पळी घेऊन बसलेली. अन्नावरून चाक कसं घालणार? मायनं वाटीत गरम घाटा घातला, वर कच्चं तेल सोडलं आणि त्याला वर दिला. त्यानं तिथंच बसून खाल्ला आणि हितेशला म्हणाला, “हमसे नहीं होगा, साहब.”

बिबड्या वाळल्या तोवर उडदाचे पापड लागले. पापडांमागून कुरडया, मग शेवया. पंधरवडाभर आम्ही तो तुकडा ओला ठेवला. माझे हात तिखटानं सुजले होते. पण बायांनी एवढं मोठ्यानं हसलेलं मी त्या सोसायटीत पुन्हा कधी ऐकलं नाही.

शेवटी काय झालं? सांगते, कारण अशा गोष्टी लोक अर्ध्यावर सोडतात. अर्ध्या तुकड्यावर दुकानं झाली. पुरुषांनी तडजोड केली, मंदिरात बसून, बायांना न विचारता. अर्धा तुकडा राहिला. मायनं त्या तडजोडीच्या कागदावर आबांना सही करू दिली नाही. “त्यास्नी अर्धं लिधं,” ती म्हणायची, “आनि हाई लोके म्हनतस, अर्धं मियनं.” त्यांनी अर्धं घेतलं आणि हे लोक म्हणतात, अर्धं मिळालं.

धर्माआबांना दम्यासारखं होतं. तीस वर्षं सुताचा भुगा छातीत गेलेला. भाद्रपदात, सकाळी दहाच्या सुमारास, त्यांना श्वास मिळेना. मायची हाक भिंतीतून आली आणि त्या हाकेत रोजची चीड नव्हती. मिस्टरांनी अँब्युलन्सला फोन केला. अँब्युलन्स आली, लवकर आली. डांबर संपतं तिथं येऊन उभी राहिली.

डांबर संपल्यापासून आमच्या गल्लीपर्यंत पत्रकातला तो बारा मीटरचा रस्ता. पावसाळ्यात तो गुडघाभर चिखल असायचा, काळा, उसाच्या शेताचा, पाय धरून ठेवणारा. ड्रायव्हरनं चाक घातलं, ते रुतलं, त्यानं कसंबसं मागं घेतलं. त्याचा काय दोष? आबांना खाटेवर घातलं. चौघांनी खाट उचलली. मी छत्री धरली होती. माय खाटेच्या बाजूनं चालत होती आणि आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती, “उनूत! उनूत आपन! गाडी दिखी ऱ्हायनी!” आलो, आलो आपण, गाडी दिसतेय.

गाडी खरंच दिसत होती. तिच्या वरचा दिवा फिरत होता. खाट धरणाऱ्यांपैकी एकाचा पाय चिखलात अडकला, खाट कलली, सगळे थांबले. पाय निघेपर्यंत आबा गेले होते.

ती तिथंच, चिखलात, खाटेचा पाय धरून बसली. रडली नाही. तिनं मागं घरांकडं बघितलं, पुढं अँब्युलन्सकडं बघितलं, जणू मधलं अंतर मोजत होती.

मरणाचा दाखला काढायचा होता. मला गुजराती वाचता यायचं, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. पंचायतीत तलाठी म्हणाला, तुमची सोसायटी आता महापालिकेच्या हद्दीत गेली, तिकडं जा. महापालिकेच्या ऑफिसात म्हणाले, कागद अजून आमच्याकडं आलेले नाहीत, पंचायतीत जा. पुन्हा पंचायत, पुन्हा महापालिका. तिसऱ्या खेपेला पंचायतीतला तलाठी वर न बघता म्हणाला, “माजी, आ अमारी हदमां नथी.” हे आमच्या हद्दीत नाही.

मायनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. “मना मानूस मरना,” ती म्हणाली. ऑफिसातले सगळे वळून बघायला लागले. “तो कोनी हदमा मरना, ते तुमी दोन्ही हापिसवाला बसीसन ठरावा. तवलोंग मी आठेच बसस.” माझा माणूस कुणाच्या हद्दीत मेला ते तुम्ही दोघं बसून ठरवा, तोवर मी इथंच बसते.

आणि ती बसली. खुर्चीवर नाही, दारात. येणारा-जाणारा तिच्यावरून ओलांडून जायचा. दुपारी तीनला तलाठी कंटाळून उठला, म्हणाला, चला, दाखवा जागा. माय त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून आली. मी रिक्षानं मागून. डांबर संपलं तिथं ती त्याला म्हणाली, जा पुढं. तो थोडा गेला आणि त्याची गाडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली. माय उतरली, चिखलात चालत गेली आणि एका ठिकाणी उभी राहिली.

“आठे,” ती म्हणाली. “आठे मरना.”

तलाठ्याची गाडी आम्ही बायांनीच ओढून काढली. दुसऱ्या दिवशी दाखला मिळाला.

गंधमुक्तीला, म्हणजे तेराव्याच्या कार्याला, खानदेशात पाहुणे टोपी-टॉवेल आणि साड्या घेऊन येतात. मायनं सगळ्यांना निरोप पाठवला, कपडे आणू नका, दगड-विटा आणा. तिचा एक भाचा सचिनला ट्रॅक्टर चालवायचा. पाडलेल्या एका कारखान्याचं डबर त्यानं तीन दिवस आणून टाकलं. नंदुरबारहून, पारोळ्याहून आलेली माणसं धोतरं वर खोचून घमेली उचलत होती. भटजी मंडपात बसून राहिले. डोकं भादरलेला आबांचा धाकटा भाऊ चिखलात उभा राहून विटा रचत होता. दोन दिवसांत डांबरापासून गल्लीपर्यंत एक गाडी जाईल एवढा रस्ता झाला. तीन मीटरचा असेल.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो ते सांगते. कुणीतरी फोटो काढून फोनवर फिरवले. खाली हात जोडल्याची चित्रं, ‘एकीचं बळ’, ‘स्वावलंबन’. आठवड्याभरात एक पुढारी चार माणसं घेऊन आला. शाल, नारळ, फोटोवाला. मंदिरात मायचा सत्कार ठेवला. तिला मी बळेबळेच नेलं, हे माझं चुकलं.

त्यानं शाल पुढं केली. मायनं हात मागं घेतले.

“हाई तुमनं काम व्हतं,” ती म्हणाली. “आमनं नही. आमले करनं पडनं. टाया कशाना वाजाडतस?” हे तुमचं काम होतं, आमच्यावर करायची पाळी आली, टाळ्या कसल्या वाजवता?

फोटोवाल्यानं फोटो काढायचं थांबवलं. पुढारी हसून म्हणाला, माजी दुःखात आहेत. माय उठून चालती झाली.

पुढच्या हिवाळ्यात बिल्डरनं मागच्या शेतात दुसरा टप्पा काढला आणि नवं पत्रक छापलं. त्याच्या पहिल्या पानावर आमचा रस्ता. आबांच्या गंधमुक्तीचा रस्ता, दोन्ही बाजूंना संगणकावरून लावलेली झाडं आणि वर मोठ्या अक्षरात ‘तैयार रोड’. मी ते मायला वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं. मग पत्रक घडी करून मला परत दिलं. ठेवून घेतलं नाही.

त्या रविवारपासून ती रस्त्याच्या तोंडाशी बसायला लागली. रविवारी लोक घरं बघायला यायचे, मोटारसायकलवर, बायको मागं, पोर मधे. माय काळी छत्री उघडून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असायची. गाडी थांबवायची आणि विचारायची, कुठले तुम्ही, काय करता. मग सांगायची. पाण्याचं, गटाराचं, अँब्युलन्सचं. भांडायची नाही. शेवटी एवढंच म्हणायची, “जवय पानी पडस, तवय देखाले या.” पाऊस पडतो तेव्हा बघायला या. बरेच जण तिथूनच गाडी वळवायचे.

हितेश येऊन हात जोडून गेला, एकदा धमकावूनही गेला. त्यांचं सोडा. आमचीच माणसं तिच्यावर उठली. कारण तोवर आमच्यातल्या निम्म्यांना घर विकून बाहेर पडायचं होतं. मंदिरात बैठक झाली. समोरच्या ओळीतला एक जण, आबांच्या खाटेला खांदा दिलेला, सगळ्यांसमोर म्हणाला, “माय, तुमचं जायचं ते गेलं. आता आमचं कशाला बिघडवता?”

कुणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही.

मायनं त्याच्याकडं बघितलं. “मना गया म्हनीसन सांगी ऱ्हायनू,” ती म्हणाली. माझा गेला म्हणूनच सांगतेय. मग तिनं चप्पल घातली. पुढच्या रविवारी ती खुर्चीवर होतीच, फक्त आता गल्लीतल्या बाया तिच्या दारावरून जाताना खाली बघायच्या.

आम्हीही त्यातलेच. माझ्या धाकटीच्या पायांवर त्या पाण्यानं चट्टे उठायचे, रात्रंदिवस खाजवायची. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. मिस्टरांना हजीऱ्याकडं काम मिळालं. घर विकायला काढलं. मायला मंगळवारी विधवा पेन्शनच्या ऑफिसात खेटे घालावे लागायचे, म्हणून आम्ही गिऱ्हाईक मंगळवारी बोलावलं. ठरवून बोलावलं. नवराबायको आली, साक्रीकडची. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी. मी त्यांना विकतच्या जारचं पाणी दिलं. धाकटीला शेजारच्या गल्लीत पाठवलं होतं, पाय दिसू नयेत म्हणून.

ती बाई पेला खाली ठेवत म्हणाली, “ताई, पाणी कसं आहे इथं?”

मी म्हणाले, “चांगलं आहे.”

बयाणा झाल्यावर मायला कळलंच. संध्याकाळी ती माझ्या दारात आली. मला वाटलं, आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती तिच्या नेहमीच्या आवाजात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाली, “पानी चांगलं शे का व, संगीता?”

ती उत्तराची वाट बघत थांबली आणि मग आपल्या घरात गेली.

आम्ही निघालो तो रविवारच होता. टेम्पो डबराच्या रस्त्यावरून हेलकावे खात डांबराकडं निघाला. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, धाकटी मांडीवर. रस्त्याच्या तोंडाशी एक मोटारसायकल आडवी उभी होती. नवरा इंजिन बंद न करता बसलेला, वैतागून हातातल्या घड्याळाकडं बघत. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. माय खुर्चीवरून उठली, छत्रीसकट दोन पावलं बाजूला झाली, पण वळली नाही. तिचा हात मागं घरांकडं होता आणि ती बोलत होती. मोटारसायकलवर मागं बसलेली बाई खाली उतरली होती, डोक्यावरचा पदर सारून, ऐकत होती.